भूजची धावपट्टी

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलाविले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही कामगार चळवळीवर बोलू. आम्ही विषय कळविला तो लष्करी हवाई तळाचा. चालक सज्जन आहेत. त्यांनी नाही म्हटले नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर प्रश्न उमटला तो आम्ही वाचला. तोच प्रश्न आपल्याही मनात असेल. म्हणून आरंभीच खुलासा केलेला बरा.

लष्करी विद्येत आमचा काही अधिकार नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते नगरवाचनालयाच्या बाकावर आणि मजुरांच्या बैठकीत. परंतु गेली तीस वर्षे आम्ही रस्ते आणि इमारती बांधणाऱ्या माणसांच्या संघटनेचे काम करीत आहोत. हवाई तळाचा प्राण म्हणजे त्याची धावपट्टी, आणि धावपट्टी हा शेवटी एक रस्ताच आहे. लांबरुंद, सरळ आणि अतिशय भक्कम असा रस्ता. तेव्हा या विषयाकडे आम्ही विमानात बसून पाहणार नाही, खडी फोडणाऱ्याच्या जागेवरून पाहणार आहोत. तेथून जे दिसते ते युद्धकथांच्या पुस्तकांत सहसा येत नाही.

प्रथम, हवाई तळ म्हणजे काय? विमान ही आकाशातली वस्तू आहे असा आपला समज असतो. हिशेब केला तर गोष्ट उलटी निघते. लढाऊ विमान एका उड्डाणात फार तर तास-दोन तास आकाशात राहते. बाकीचा सारा काळ ते जमिनीवर असते. तेथे त्याला इंधन पाजावे लागते, दारूगोळा भरावा लागतो, यंत्र उघडून तपासावे लागते. त्यासाठी इंधनाच्या टाक्या, दारूगोळ्याची कोठारे, कारखाना, नियंत्रणाचा मनोरा, टेहळणीची रडार यंत्रणा, आगीचे बंब हे सर्व लागते. शिवाय ज्यांनी हे करायचे त्यांच्या बराकी, भटारखाने, पाण्याची व्यवस्था आणि दवाखाना. एक वैमानिक उडतो तेव्हा त्याच्यामागे जमिनीवर कितीतरी माणसे राबत असतात. त्यांत गणवेशातली असतात तशी बिनगणवेशाचीही असतात. गवत कापणारा, गटार साफ करणारा, भिंत लिंपणारा, तारेचे कुंपण ओढणारा, हे सारे त्या तळाचेच घटक आहेत.

या सगळ्यांत धावपट्टीचे महत्त्व वेगळे का? कोठार जळाले तर दुसरीकडून दारूगोळा आणता येतो, मनोरा पडला तर तंबूत बसून बिनतारी यंत्रावर काम भागविता येते. परंतु धावपट्टी फुटली की उभी असलेली विमाने असून नसल्यासारखी होतात. लढाऊ जेट विमानाला उडण्यासाठी सामान्यतः दीड-दोन हजार मीटर, आणि भार अधिक असेल तर त्याहूनही जास्त, सलग सपाट पृष्ठभाग लागतो. त्याच्या मधोमध एक खड्डा पडला की दोन्ही बाजूंचे तुकडे अपुरे पडतात.

आता हा पृष्ठभाग कसा असतो ते पाहा. आपल्या गावच्या रस्त्यासारखेच थर येथेही असतात. खाली जमीन खणून, पाणी मारून, धुमसून घट्ट केलेली भर, तिच्यावर मोठ्या दगडांचा थर, मग खडी, आणि सर्वांत वर डांबराचे किंवा सिमेंट काँक्रीटचे आवरण. फरक इतकाच की कित्येक टनांचे विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने त्यावर टेकते, म्हणून प्रत्येक थर अधिक जाड आणि अधिक दाबलेला असावा लागतो. त्यातून जेट विमानाचे यंत्र तोंडाने हवा ओढते. हवेबरोबर एखादा खडा आत गेला तरी यंत्राची पाती मोडतात. म्हणून तळावर माणसे ओळीने, खाली मान घालून चालतात आणि धावपट्टीवरचे खडे, खिळे, तारेचे तुकडे वेचतात. कोट्यवधी रुपयांचे यंत्र वाचविण्याचा हा उपाय आपल्या बायका तांदूळ निवडतात त्याच जातीचा आहे.

बॉम्ब वरच्या वर फुटला तर खड्डा उथळ पडतो. पण तो आवरण फोडून आत शिरला आणि मग फुटला, तर खालची भर उसळते, भोवतालचा भाग फुगून वर येतो आणि त्याखाली पोकळी राहते. डोळ्यांना दिसणारा खड्डा लहान आणि उखडून काढावा लागणारा भाग त्याहून पुष्कळ मोठा, असा प्रकार होतो. नुसती माती लोटून तो बुजविला तर पहिलेच विमान त्यात रुतेल. फुगलेला भाग उचकटायचा, पोकळी उघडी करायची, दगड-खडीने थराथराने भरत दाबत यायचे, वरून टोपण घालायचे आणि अखेरीस आजूबाजूचा खडा न् खडा वेचायचा, हा दुरुस्तीचा क्रम आहे. रस्त्यावर काम केलेल्या कोणालाही यात नवीन काही वाटणार नाही. नवीन असते ती फक्त वेळेची घाई आणि डोक्यावरची विमाने.

शत्रू धावपट्टीच्या मागे का लागतो, हे यावरून ध्यानात येईल. ५ जून १९६७ रोजी सकाळी इस्रायलच्या विमानांनी इजिप्तच्या तळांवर हल्ला केला, तेव्हा धावपट्ट्या फोडण्यासाठी मुद्दाम बनविलेले बॉम्ब वापरले. ते खाली येताना आधी वेग आवरत आणि मग अग्निबाणाच्या जोराने काँक्रीटमध्ये घुसत. इजिप्तची बहुतेक विमाने उडू शकली नाहीत. ती उभी असलेल्या जागीच नष्ट झाली.

आपल्या घराजवळचे उदाहरण गोव्याचे. १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून कॅनबेरा विमाने उडाली आणि त्यांनी दाभोळीची धावपट्टी फोडली. विमानतळाच्या इमारतीला धक्का लावू नये अशी त्यांना आज्ञा होती आणि ती त्यांनी पाळली. तरीही त्याच रात्री, उरलेल्या आखूड पट्टीवरून, दोन पोर्तुगीज प्रवासी विमाने काळोखात निसटली आणि कराचीला पोहोचली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. पुढे दाभोळीला आपल्या नौदलाचा हवाई तळ झाला आणि प्रवाशांची वाहतूकही तेथूनच चालू लागली.

तिसरे उदाहरण दूरचे, १९८२ सालचे. फॉकलंड बेटांवरच्या स्टॅन्ले येथील धावपट्टीवर ब्रिटिश विमानाने एकवीस बॉम्ब टाकले. प्रत्यक्ष पट्टीवर एकच पडला. अर्जेंटिनाच्या माणसांनी तो खड्डा बुजविला, आणि दिवसा पट्टीवर मातीचे ढीग रचून वरून पाहणाऱ्याला ती फुटलेलीच आहे असे भासविले. त्यांची मालवाहू विमाने रात्री येत-जात राहिली.

या तिन्ही हकीकतींवरून एक गोष्ट निघते. तळ फुटणार, हे धरूनच चालावे लागते. तो किती तासांत पुन्हा उभा राहतो यावर त्याची ताकद मोजायची, आणि ते तास ठरतात फावडे-घमेले उचलणाऱ्या हातांवर. याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच देशात, कच्छमध्ये, भूजला घडला. तीच आजची मुख्य हकीकत.

कच्छचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला रण, म्हणजे पावसाळ्यात पाण्याने भरणारा आणि एरवी मिठाने पांढरा पडणारा ओसाड प्रदेश. दक्षिणेला कच्छचे आखात, आणि आखातापलीकडे जामनगर. स्वातंत्र्यापूर्वी कच्छ हे संस्थान होते आणि कराची हे त्याचे शेजारचे मोठे बंदर होते. फाळणी झाली आणि शेजारचे बंदर परके झाले. भूजपासून कराची सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या थोडी पलीकडे आहे. जेट विमानाला हे अंतर अर्ध्या तासाचेही नाही. यामुळे एका जुन्या संस्थानाची शांत राजधानी सरहद्दीवरचे ठाणे होऊन बसली. रणावर आणि सरहद्दीवर नजर ठेवणे, आखाताचे आणि कांडला बंदराचे रक्षण करणे, आणि युद्ध झालेच तर कराचीच्या बाजूने येणाऱ्या विमानांना आडवे जाणे, ही भूजच्या तळाची कामे भूगोलानेच ठरवून दिली.

१९६५ साली याची प्रचीती आली. त्या वर्षी एप्रिलमध्ये रणात चकमकी झाल्या, सप्टेंबरात उघड युद्ध पेटले. १९ सप्टेंबर रोजी गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता एका लहान मुलकी विमानातून सरहद्दीच्या भागाकडे येत होते. पाकिस्तानी लढाऊ विमानाने ते पाडले आणि सुथरी गावाजवळ बळवंतराय, त्यांच्या पत्नी आणि बरोबरचे सर्वजण मृत्यू पावले. ज्यांच्या समितीच्या अहवालावरून पुढे देशात पंचायत राज्य आले तेच हे बळवंतराय. आपल्या जिल्हा परिषदेचे नाते असे या प्रदेशाशी आहे.

मग आले १९७१. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेकडील आपल्या अनेक तळांवर एकदम हल्ले चढविले आणि युद्ध सुरू झाले. भूजवर वारंवार विमाने येऊ लागली. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, मूळचे नागपूरचे. ८ डिसेंबरच्या रात्री भूजवर जबर बॉम्बहल्ला झाला आणि धावपट्टी निकामी झाली. त्याच रात्री समुद्रावर आपल्या नौदलाची जहाजे कराचीवर दुसऱ्यांदा चालून गेली होती, म्हणजे युद्ध ऐन भरात होते. अशा वेळी सरहद्दीवरचा तळ आंधळा आणि पांगळा होऊन पडणे परवडणारे नव्हते. दुरुस्ती हवी होती ती तातडीने, आणि तळावर तेवढी माणसे नव्हती.

भूजला लागूनच माधापर नावाचे गाव आहे. गाव बऱ्यापैकी सुखवस्तू. पुष्कळ घरांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आफ्रिकेत आणि विलायतेत कामधंद्यासाठी गेलेली. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तेथे हाक गेली आणि सुमारे तीनशे बाया तळावर आल्या. कोणी तान्हे मूल शेजारणीकडे ठेवून आली, कोणी घरी न विचारताच निघाली. बहात्तर तास त्यांनी काम केले.

कामाचा तपशील त्या बायांनीच पुढे वेळोवेळी सांगितला आहे. पट्टी वरून ओळखू येऊ नये म्हणून सर्वांत आधी तिच्यावर शेण पसरले. विमानांतून दिसू नये म्हणून बायांना हिरव्या साड्या नेसण्यास सांगण्यात आले. भोंगा वाजला की हातातले टाकून झुडपांत पळायचे. दुसरा भोंगा झाला की परत यायचे आणि टाकलेले घमेले उचलायचे. पहिल्या दिवशी पोटाला काही मिळाले नाही, उपाशीच निजावे लागले. दुसऱ्या दिवशी जवळच्या देवळातून फळे आणि मिठाई आली. चौथ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास त्या पट्टीवरून विमान उडाले.

शेणाची गोष्ट ऐकून शहरातला माणूस हसेल. पण विचार करा. सरहद्दीवर, रातोरात, हजारो चौरस फूट पृष्ठभागाचा रंग बदलायचा आहे. रंगाचे पिंप येईपर्यंत युद्ध थांबणार नाही. अशा वेळी मुबलक, जवळचे, मातीत मिसळून जाणारे आणि वाळल्यावर न चमकणारे असे दुसरे काय आहे? आणि ते सारखे, पातळ, भेग न पडू देता पसरायचे कसे, हे अंगण सारवणाऱ्या बाईइतके कोणाला ठाऊक आहे? ते कौशल्य होते. कोणत्याही शाळेत ते शिकवीत नाहीत एवढ्याने त्याचे मोल कमी होत नाही.

येथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांला बरे वाटत नाही. बिनगणवेशाच्या बायांना बॉम्ब पडतात त्या जागी कामाला लावणे योग्य होते काय? त्यांपैकी कोणाचा जीव गेला असता तर? कर्णिकांनाही या गोष्टीची जाणीव होती. निर्णय आपला होता आणि जबाबदारीही आपली होती, हे त्यांनी नंतर मोकळेपणी सांगितले आहे. भोंगे, झुडपे, हिरव्या साड्या ही सारी खबरदारी त्या जाणिवेतूनच आली. बाया आल्या त्याही स्वखुशीने. ‘आम्हांला ने’ असे म्हणणाऱ्या पुष्कळ होत्या, ‘आम्हांला सोडा’ असे म्हणणारी कोणी नव्हती. त्यांच्या शौर्याविषयी शंका घेण्याचे आमच्या स्वप्नातही नाही. तथापि आमचा धंदा हिशेब विचारण्याचा आहे. संकटाच्या वेळी देश ज्याला हाक मारतो, त्याचे देणे संकट सरल्यावर देशाच्या वहीत कसे नोंदले जाते, हे पाहिलेच पाहिजे.

नोंद अशी. युद्धानंतर पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी या बायांचे कौतुक केले आणि पन्नास हजार रुपयांचे बक्षीस देण्यात आले. तीनशे जणींनी वाटून घेतले असते तर दरडोई पावणेदोनशेही आले नसते. त्यांनी वाटून घेतले नाहीत. गावाच्या समाजमंदिराला देऊन टाकले. माधापरला या वीरांगनांचे स्मारक उभे राहिले ते २०१५ साली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी. तोवर त्यांतल्या कित्येक जणी हे जग सोडून गेल्या होत्या. २०२१ साली या प्रसंगावर एक हिंदी चित्रपटही निघाला.

भूजच्या तळाची दुसरी कसोटी युद्धाची नव्हती. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी, प्रजासत्ताक दिनाची झेंडावंदने चालू असताना, कच्छमध्ये प्रचंड भूकंप झाला. सुमारे वीस हजार माणसे दगावली. हवाई दलाच्या वसाहतीतल्या इमारती कोसळल्या आणि तळावरची शंभराच्या आसपास माणसे, जवान आणि त्यांची बायकामुले, ढिगाऱ्याखाली गेली. नियंत्रणाच्या मनोऱ्यालाही इजा झाली. तरी धावपट्टी वापरता येत होती. ज्यांनी आपली माणसे नुकतीच गमावली होती त्यांनीच ती चालू ठेवली आणि तिच्यावर औषधे, डॉक्टर, तंबू, अन्न घेऊन मोठमोठी मालवाहू विमाने उतरू लागली. परत जाताना जखमींना घेऊन जाऊ लागली. रस्ते उखडले, पूल खचले, तेव्हा बाहेरच्या जगाशी कच्छचा जो दुवा राहिला तो हाच. लष्करी तळाचे हे शांततेच्या काळातले कार्य लोकांच्या फारसे ध्यानात राहत नाही. लातूर-किल्लारीचा १९९३ सालचा भूकंप पाहिलेल्या आपल्या लोकांना त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता आम्ही या हकीकतीकडे का वळलो ते सांगून आटोपते घेतो. भूजच्या बाया धावपट्टी दुरुस्त करीत होत्या त्याच्या पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. १९७२-७३ साली लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. आमची आई त्यांत होती. आम्ही दोन वर्षांचे होतो. बाभळीला झोळी बांधून आम्हांला तीत ठेवीत आणि ती हातोडी घेऊन बसे, असे तिने पुढे सांगितले. तिने फोडलेल्या खडीचा रस्ता आजही वापरात आहे. त्याच्यावरून आम्ही कितीदा गेलो. भूजच्या बायांविषयी प्रथम वाचले तेव्हा आम्हांला आठवले ते तिच्या हातांवरचे घट्टे. काम तेच होते. भूजला डोक्यावर विमाने होती म्हणून जगाने पाहिले, इतकेच.

संघटनेच्या कामात आम्हांला पुढे जे कळले ते याहून साधे आहे. काही वर्षांपूर्वी एका रस्त्याच्या कामावर डांबराची किटली कलंडून एका बाईचे दोन्ही पाय भाजले. आम्ही नुकसानभरपाई मागायला गेलो. ठेकेदाराने हजेरीपट पुढे टाकला. त्यात तिचे नाव नव्हते. नवऱ्याचे होते, आणि त्याच्यापुढे जोडीची मजुरी मांडलेली होती. ती बाई चार वर्षे त्याच्याकडे घमेली वाहत होती आणि कागदावर ती तेथे कधी आलीच नव्हती. आम्ही वर्षभर भांडलो. मजूर, मुकादम, चहावाला यांच्या साक्षी गोळा केल्या. शेवटी थोडीफार रक्कम मिळाली, पण तोवर तिच्या घरचे दोन तोळे सोने सावकाराकडे गेले होते. स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा देशात १९७६ साली झाला. परंतु ज्या बाईचे नावच पटावर नाही तिला कोणता कायदा शोधून काढणार?

म्हणून माधापरच्या स्मारकाचे मोल आमच्या लेखी मोठे आहे. दगडी पुतळ्यांमुळे नव्हे. त्या कामावर बाया होत्या हे तेथे जाहीरपणे मान्य केले गेले, यामुळे. तळाचा इतिहास लिहिताना विमानांच्या जाती, तुकड्यांचे क्रमांक, अधिकाऱ्यांची नावे येतात आणि ती यावीतच. त्यांच्याबरोबर ज्यांनी खड्डे बुजविले त्यांचाही पट जोडला पाहिजे. ‘तीनशे बाया’ हा आकडा झाला. आकड्याला नुकसानभरपाई मिळत नाही, निवृत्तिवेतन मिळत नाही, आणि नातवंडांना आजी सापडत नाही.

श्रोतेहो, हवाई तळाविषयी ऐकायला आलात आणि हजेरीपटावर येऊन थांबलात, याबद्दल क्षमा असावी. पण दोन्ही गोष्टी आमच्या दृष्टीने एकच आहेत. आपल्या आळीत, आपल्या दारापुढे रस्त्याचे काम निघेल तेव्हा एवढे करा. मुकादमाला बोलावून हजेरीपट पाहायला मागा. ती घमेले घेऊन उभी आहे तिचे नाव त्यात आहे का, तिच्या स्वतःच्या नावाने आहे का, ते विचारा. नसेल तर तेथेच उभे राहून लिहायला लावा. मुकादम कुरकुर करील. आमचा अनुभव असा आहे की, गावातली चार माणसे उभी राहिली की तो लिहितो.